चौदा नंबरच्या भिंती

भागुबाईला मार पडला की दुसऱ्या दिवशी घराला रंग लागायचा. हलसूर तलावाच्या मागे फौजी क्वार्टरांची लांबलचक रांग होती. तिच्यातल्या चौदा नंबरमध्ये हा प्रकार चार वर्षं चालला होता, आणि शेजारच्या बायका कौतुकाने म्हणत, हवालदारसाहेब घर किती टापटीप ठेवतात बाई! म्हणायला काय जातं? भिंतीपलीकडे रंगाचा वास जात होता, तसा आदल्या संध्याकाळचा आवाजही जात होता. वासाबद्दल त्या बोलत, आवाजाबद्दल गप्प बसत.

हवालदार नागनाथ सफरमैना पलटणीतला गवंडी होता. फौजेसाठी पूल बांधायचे, भिंती उभारायच्या आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, हे या पलटणीचं काम. मूळचा तो खानापूरकडचा, शिंप्याचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी बापाची सुई टाकून तो भरती झाला आणि सरकारने त्याच्या हातात थापी दिली. हात असा बसला की त्याने भरलेलं भगदाड कुठे होतं हे त्याच्या साहेबांनाही सांगता येत नसे. भिंत तो बोटांनी वाचायचा. जुन्या रंगात नवा रंग मिसळून, वर घासायचा पॉलिश कागद फिरवून, शेवटी कोळशाची चिमूटभर पूड फुंकून तो नव्या ठिगळाला दहा वर्षांचं म्हातारपण आणायचा.

'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. सकाळी उठून तो पुट्टीचं सामान आणायचा आणि बाहेरूनच म्हणायचा, "भागू, पाणी आण." ती सुजल्या हाताने बादली आणायची. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून द्यायची. तो भरायचा, ती शेजारी उभी राहायची. काम झालं की तो मागे सरून मान तिरकी करून बघायचा आणि विचारायचा, "दिसतं का कुठं?" ती म्हणायची, "नाही दिसत." एवढ्यावर समेट व्हायचा.

लग्न झालं तेव्हा तो असा नव्हता, हे सांगायलाच हवं. शांतिसेनेबरोबर लंकेत जाऊन आला तो असा आला. तिथे त्याने दोन वर्षं जमीन कुरवाळत सुरुंग काढले. हाताखालचे दोन जवान त्याच्यासमोर उडाले. त्यातल्या एकाचा बूट घेऊन तो छावणीत परतला, आणि बुटात पाय होता. हे त्याने भागूला एकदाच सांगितलं, भात कालवता कालवता, आणि पुढचा घास खाल्ला. नव्वद सालच्या दिवाळीत शेजारी लवंगी माळ फुटली तशी त्याने मुलीला ओढून कॉटखाली घातलं आणि वर स्वतः पालथा पडला. दारात उभे असलेले शेजारी हसले. ते गेल्यावर त्याने दार लावलं आणि भागूचं डोकं धरून आतल्या खोलीच्या दारावर आपटलं. दाराची फळी आत गेली. ते पहिलं.

मग स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी बंद का केली नाहीस म्हणून लोखंडी बत्ता फेकला, तो तिच्या कानशिलाजवळून जाऊन चुलीवरच्या भिंतीत रुतला. मग न्हाणीघराची चौकट. तिथे तिचं मनगट दारात चिरडलं. मग खिडकीखालची भिंत. तिथे स्टूल आधी तिच्या बरगड्यांवर लागलं आणि मग भिंतीला, त्यामुळे भिंतीचा पोपडा जरा लहान निघाला. नागनाथाला दुःख होतं, खरं होतं, भागूला ते दिसत होतं. पण मेलेल्या जवानांचा राग तिच्या बरगड्यांवर का, हे तिला कुणी समजावून सांगावं? सरकारी भिंतीला पोचा आला तर विचारायला माणूस नेमलेला होता. तिच्या बरगड्यांसाठी असा कुणी माणूस नव्हता.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तोंड तिचं तिनेच दाबलं होतं, कारण सगळ्यांनी तिला ताऱ्याचं सांगितलं होतं. नागनाथ नायब सुभेदार होणार, खांद्यावर तारा येणार, मान मिळणार, मग माणूस आपोआप निवेल. त्याच्या नोकरीच्या कागदावर वीस वर्षांत लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, एक रेघ नव्हती. बायकोने जाऊन कर्नलसाहेबांपुढे तोंड उघडलं तर ती रेघ पडली असती आणि तारा गेला असता. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं तिचा थोरला भाऊ आप्पाजीसुद्धा म्हणाला होता. हलसूर बाजारात त्याचं शिंपीकामाचं दुकान होतं. फौजी गणवेशांवर फिती आणि बिल्ले शिवणं हा घरचा धंदा. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला बंगळुरात आले, असं तो गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायचा. साडेतीनशे वर्षं फौजेचं मीठ खाल्लेलं घर; ते फौजेविरुद्ध कसं बोलणार? लुगड्याच्या पदराने ओठ टिपत भागू माहेराहून परत यायची आणि ताऱ्याची वाट बघायची.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात तारा आला. म्हणजे हुकूम आला: बढती, आणि बदली पंजाबातल्या ठाण्यावर, कुटुंबासह. निघायचा दिवस गुरुवार.

कुणालाही वाटेल, भागूने साखर वाटली असेल. वाटलीही. पण घरात तीन माणसं आणि तीन मतं होती, शिवाय बाहेरचं चौथं. नागनाथाचा जुना जोडीदार कृष्णाजी पेन्शन घेऊन बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पहारेकऱ्यांचा मुख्य झाला होता. तो येऊन सांगून गेला, "बढती नको म्हणून लिहून दे, पेन्शन घे, माझ्याकडे ये. पोरगी इथंच शिकेल." नागनाथ म्हणाला, "फाटकावर मोटारींना सलाम ठोकायला वीस वर्षं घातली काय मी?" कृष्णाजीने चहा अर्धा ठेवला आणि तो उठला.

मुलगी सौम्या दहावीला होती. मधेच शाळा सोडून पंजाबात जायचं म्हणजे वर्ष बुडणार. तिने आणि आप्पाजीने मिळून ठरवलं की तिने मार्चपर्यंत मामाकडे राहावं. भागूला हे पटलं होतं, पण तिला काळजी दुसरीच होती. पंजाबात ओळखीचं चिटपाखरू नव्हतं, भाषा नव्हती, धावत जायला माहेर नव्हतं. आणि ताऱ्याचा हुकूम येऊन आठ दिवस झाले तरी माणूस निवला नव्हता. हुकमाच्या दिवशीच त्याने पेढ्यांचा पुडा भिंतीवर भिरकावला होता, पेढे कमी गोड म्हणून. गुरुवारच्या गाडीत मुलीला घेऊन बसायचं की नाही, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता, आणि तो मोठ्याने विचारायची तिची छाती होत नव्हती.

मोठ्याने विचारलं ते सौम्याने. रविवारी दुपारी नागनाथ काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने आपलं नाव काढत होता. नावाच्या आधी त्याने हातभर जागा रिकामी सोडली होती. पंजाबात हजर होऊन खांद्यावर तारा लागला की 'नायब सुभेदार' लिहायला. बाकी सामानाच्या पेट्यांना खिळे ठोकायचं काम चाललं होतं, हातोडा भागूच्या हातात होता.

"अप्पा, मी मामाकडे राहते. मार्चमध्ये परीक्षा झाली की येते."

"कुणाकडे?"

"मामाकडे. अम्मा पण सरी म्हणाली, चालेल म्हणाली."

नागनाथाने कुंचला डब्यात नीट ठेवला. रंग सांडू नये म्हणून डब्याचं झाकणही लावलं. "ज्या सुईतनं मी पळून आलो तिथं माझी मुलगी बटणं लावणार?" असं म्हणून तो उठला आणि त्याने उलट्या हाताने तिच्या कानाखाली मारली. पोरगी घरातल्या अरुंद बोळाच्या भिंतीवर गेली. डोकं आपटल्याचा आवाज आला, तो भागूने स्वतःच्या डोक्यात चार वर्षं ऐकलेला आवाज होता. सौम्या भिंतीला घसरत खाली बसली. कानातून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला आणि तिने तो बोटाने पुसून पाहिला. भागू मधे पडली तेव्हा त्याने तिला केसांना धरून बाजूला केलं आणि मुलीच्या पोटात एक लाथ घातली. बूट नव्हता पायात, म्हणून बरं.

मग तो थांबला. भिंतीकडे बघत राहिला. तिथे ताटलीएवढं प्लास्टर फुटून खाली आलं होतं, आणि मंगळवारी मार्चिंग आउट होतं.

मार्चिंग आउट म्हणजे सरकारी घर परत करायचा दिवस. बराक खात्याचा माणूस वही घेऊन येतो, दारं, खिडक्या, नळ, कड्या, भिंती, सगळं राहायला आला होतात तसं आहे का बघतो. नसेल तर काय मोडलं आणि कशाने मोडलं ते लिहितो. ती वही कर्नलसाहेबांच्या टेबलावर जाते. नागनाथाला आता लाल शाई परवडणार नव्हती. तो सायकल काढून बाजारात गेला आणि प्लास्टर घेऊन आला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पोरगी उशीवर पालथी, रक्त गाळत पडलेली, आणि बाप भिंत दुरुस्त करतोय.

"भागू, पाणी आण."

तिने आणलं. हे तिने पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही. सवयीने तिने बादली भरली, नेऊन ठेवली, आणि मगच मुलीला रिक्षात घालून मिलिटरी हॉस्पिटलात नेलं.

वाटेत सौम्या एकदाच बोलली. कानाला फडकं धरलेलं, आवाज बारीक. "अम्मा, न्हाणीघरात घसरली असं नको सांगूस. मनगटाच्या वेळी तू तेच सांगितलं होतंस. दुसरं काहीतरी सांग."

भागूने डॉक्टरला जिना सांगितला. चौदा नंबरला जिना नव्हता. डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय, डाव्या कानाने कितपत ऐकू येईल ते पुढे बघू. सौम्या उजवा कान डॉक्टरकडे करून ऐकत होती. एका दुपारीत तिने ते शिकून घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता बराक खात्याचा मल्लाप्पा आला. किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बेळगावकडचा असल्याने मराठी यायची, कानडी हेल काढून बोलायचा. नागनाथ कडक इस्त्रीत उभा होता. सौम्या कानाला पट्टी बांधून ट्रंकेवर बसली होती. पेट्यांना शेवटचे खिळे मारायचे होते म्हणून हातोडा खिडकीत पडला होता.

मल्लाप्पाने दारं उघडली मिटली, नळ सोडले, कड्या हलवल्या. प्रत्येक ओळीसमोर वहीत बरोबरची खूण. खोलीचं दार पाहिलं, बरोबर. स्वयंपाकघर, बरोबर. न्हाणीघर, खिडकी, बरोबर. बोळात आल्यावर मात्र तो थबकला. त्याने भिंतीवर तळवा टेकवला.

"इथं स्वल्प ओलं आहे की हो, हवालदार."

"पावसाळा आहे साहेब. ओल धरते."

मल्लाप्पाने तळवा पुसला आणि खूण केली. "तीस वर्षं झाली मला या कामात. एवढं चांगलं ठेवलेलं क्वार्टर बघितलं नाही मी. एक ओरखडा नाही बघा."

नागनाथ हसला. मनापासून हसला, थापीवाला कारागीर हसतो तसा. "शोधा साहेब, शोधा. कुठं दिसतं का बघा," म्हणाला, आणि सवयीने त्याने मान तिरकी करून भागूकडे पाहिलं.

'नाही दिसत' म्हणायची पाळी तिची होती. तिची नजर सौम्याकडे गेली. बाप काय बोलला ते नीट कळावं म्हणून पोरगी उजवा कान पुढे करून बसली होती. भागूच्या अंगातून एक सणक गेली, आणि ती भीतीची नव्हती. तो संताप होता, निखळ, चार वर्षांचा. तिने खिडकीतला हातोडा उचलला.

पहिला घाव तिने खोलीच्या दारावर घातला. बरोबर जागेवर, बादली तिनेच धरली होती, जागा तिला ठाऊक नसेल तर कुणाला? पुट्टीची चकती निघून पडली आणि मागे डोक्याएवढं भोक उघडं झालं. "हे माझं डोकं. नव्वदची दिवाळी," ती म्हणाली. "लिहून घ्या."

"भागू!" नागनाथ ओरडला.

ती स्वयंपाकघरात गेली. दुसरा घाव. प्लास्टर चुलीवर कोसळलं. "इथं बत्ता. वीतभर चुकला, नाहीतर मी मेले असते." न्हाणीघराची चौकट. तिसरा. "इथं मनगट. डॉक्टरला मी खोटं सांगितलं." खिडकीखाली ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी घाव घातला. "इथं दोन बरगड्या. अजून वळले की दुखतात."

नागनाथ तिच्यामागे आला होता. त्याचा हात वर गेला होता. मल्लाप्पा मधे आला, म्हणजे त्या अरुंद बोळात त्याला दुसरी जागाच नव्हती, छातीशी वही धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "हवालदार, मी सरकारी कामावर आहे." नागनाथाचा हात तसाच राहिला. भागूने त्या हाताकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. बोळातल्या ओल्या भिंतीवर तिने पाचवा घाव घातला. अजून न वाळलेलं प्लास्टर गोळा होऊन तिच्या पायावर पडलं.

घरभर धुरळा. बाहेर शेजारणी जमल्या होत्या. आता त्यांना बोलायला वासही नव्हता.

नागनाथाने हात खाली घेतला. तो भिंतीजवळ गेला, फुटलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं, आणि त्याचा आवाज एकदम अगदी रोजचा झाला. "अर्ध्या तासात भरून देतो मी. लवकर सुकणारं आणतो, लगेच धरेल. साहेब, तेवढं थांबा. भागू, पाणी आण."

बादली तिच्या पायाशी होती. ती तिथेच राहिली.

"भागू. पाणी आण."

तिने हातोडा मांडीवर घेतला आणि ती सौम्याच्या शेजारी ट्रंकेवर बसली, नावाआधी सोडलेल्या त्या कोऱ्या जागेवर. "नाही आणत," ती म्हणाली. नागनाथ रिकामी थापी हातात धरल्यासारखा उभा राहिला, आणि मग हळूहळू भिंतीला टेकून खाली बसला.

मल्लाप्पाने खुणा खोडल्या. दोऱ्याची काडी सावरत त्याने पाच ओळी लिहिल्या. कशाने मोडलं त्या रकान्याशी पेन अडलं. "कारण काय लिहू, अक्का? वापराने झिजलं असं लिहिलं तर कुणी विचारत नाही."

"मी बोलले तेच लिहा."

त्याने लिहिलं. वाचूनही दाखवलं.

"सहावं राहिलं," भागू म्हणाली. "हिचा डावा कान."

"अक्का," मल्लाप्पा अवघडून म्हणाला, "या वहीत सरकारी वस्तूच लिहितात."

"मग कडेला लिहा."

मल्लाप्पाने सौम्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, वही भिंतीवर टेकवली आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं: डावा कान, मुलीचा.

वही त्याच दिवशी कर्नलसाहेबांकडे गेली. तारा परत गेला. गुरुवारची गाडी सुटली ती नागनाथाला न घेता. त्याला आधी मिलिटरी हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरांकडे ठेवलं आणि मग पेन्शनवर काढलं. ट्रंकेवरची जागा कोरी राहिली. तो खानापूरला गेला. तिथे तो लोकांची घरं बांधतो आणि त्याच्या भिंती सुरेख असतात, असं कानावर येतं. भागू आप्पाजीच्या दुकानात मशीनवर बसली. आप्पाजीने झाकल्या मुठीची म्हण पुन्हा तिच्यापुढे काढली नाही. सौम्या मार्चच्या परीक्षेत पास झाली. वर्गात ती डाव्या भिंतीच्या बाकावर बसायची, उजवा कान फळ्याकडे ठेवून.

पुढच्या वर्षी भागू एक ब्लाउज द्यायला त्या क्वार्टरांच्या रांगेत गेली. गिऱ्हाईक नेमकं चौदा नंबरचं निघालं. कुणा घाईतल्या गवंड्याने पाची भगदाडं बुजवली होती. रंग वेगळा, कडा वर आलेल्या. दारातूनच डोळ्यांत भरत होती.

"बघा ना कसं बेकार काम केलंय," नवी बाई म्हणाली. "आल्या आल्या दिसतं."

भागूने बोळातल्या ठिगळावर तळवा ठेवला. कोरडं होतं.

"हो," ती म्हणाली, "दिसतं खरं." आणि तिने ब्लाउजचा पुडा सोडला.